लंडन किती लांब आहे?

आमच्या गटाच्या मागच्या महिन्याच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला, वही मिटली, आणि एका ताईंनी मला विचारलं, "माझी लेक लंडनला नर्सचं काम करायला चाललीय. लंडन किती लांब आहे गं?" मी मोबाइलवर बघून सांगितलं, सरळ रेषेत साधारण ७,२०० किलोमीटर. त्यावर ताई म्हणाल्या, "ते नको. किती वेळाची वाट आहे ते सांग."

मला तो प्रश्न फार बरोबर वाटला. आपल्या आज्या-पणज्या अंतर असंच मोजायच्या. बाजार दोन तासांवर, माहेर एका दिवसाच्या चालीवर, पंढरपूर इतक्या मुक्कामांवर. जमीन कुठे हलत नाही, ७,२०० किलोमीटर शिवाजी महाराजांच्या काळीही तेवढेच होते. पण 'किती वेळ' याचं उत्तर गेल्या दोनशे वर्षांत सारखं बदलत आलंय, आणि त्या बदलात आपल्याकडच्या कितीतरी माणसांचं नशीब अडकलेलं होतं. म्हणून आज मुंबई ते लंडन या एकाच वाटेची गोष्ट सांगते.

सुरुवात साताऱ्यापासून करते. १८३९ मध्ये इंग्रजांच्या कंपनी सरकारनं छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि पुढे काशीला पाठवलं. महाराजांवरचा आरोप खोटा आहे, हे सांगायला त्यांचे विश्वासू रंगो बापूजी गुप्ते लंडनला निघाले. आरोप साताऱ्यातला, साक्षीदार साताऱ्यातले, आणि निकाल देणारे साहेब लंडनला. मधे समुद्र. शिडाच्या जहाजानं आफ्रिका खंडाला पूर्ण वळसा घालून जायला तेव्हा चार-चार, सहा-सहा महिने लागायचे. वारा पडला की जहाज जागेवर. ती वाट पाण्यावरून मोजली तर २०,००० किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे सरळ रेषेच्या जवळजवळ तिप्पट.

त्याच सुमाराला वाफेची जहाजं आली होती. 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट मुंबईच्याच गोदीत बांधलेली. ती १८३० मध्ये मुंबईहून सुएझपर्यंत गेली. प्रवासाचे एकूण दिवस लागले ३३, त्यातले बारा-एक दिवस तर वाटेत थांबून कोळसा भरण्यात गेले. सुएझला उतरायचं, उंटावरून नाहीतर गाडीनं वाळवंट ओलांडायचं, आणि पलीकडच्या समुद्रात दुसरं जहाज धरायचं. पत्रं आणि पैसेवाले प्रवासी या वाटेनं जायला लागले आणि महिन्यांचं अंतर काही आठवड्यांवर आलं.

तरी काही आठवडे म्हणजे किती, ते रंगो बापूजींच्या बाबतीत बघा. ते १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहिले. अर्ज करत होते, सभांमध्ये बोलत होते, पैशाची तंगी सोसत होते. १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराज काशीला वारले. पुढच्याच वर्षी साताऱ्याच्या गादीवर बसवलेले त्यांचे भाऊही वारले आणि औरस वारस नाही म्हणून कंपनीनं राज्य खालसा केलं. ज्या राज्यासाठी हा माणूस तिकडे भांडत होता ते राज्य इकडे संपलं, आणि ती बातमी जहाजात बसून त्याच्याकडे निघाली होती. मधले आठवडे तो मेलेल्या राजाचीच बाजू मांडत असणार. परत आल्यावर १८५७ च्या धामधुमीत ते भूमिगत झाले ते सापडले नाहीत. त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी दिलं. साताऱ्याच्या 'चार भिंती' बघायला आपण शाळेच्या सहलीत गेलो असू, ते स्मारक या काळच्या लोकांचं. तेरा-चौदा वर्षं त्यांच्या घरच्या बायकांनी कशी काढली असतील, ते मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. जाणाऱ्याचं नाव राहतं, घर सांभाळणारीचं राहत नाही.

१७ नोव्हेंबर १८६९ ला सुएझचा कालवा सुरू झाला. आता उंट नको, जहाज बदलायला नको. मुंबई-लंडन पाण्याची वाट सुमारे ११,६०० किलोमीटरवर आली आणि तीन-चार आठवड्यांत माणूस पोचायला लागला. पुढच्याच वर्षी समुद्राच्या तळातून तारेची वायर मुंबईपर्यंत आली. हा बदल मला कालव्याहून मोठा वाटतो. माणसाला तीन आठवडे लागत होते, पण 'वारले' हा निरोप आता एका दिवसात पोचत होता. म्हणजे दुःख लगेच कळायचं, आणि जाता मात्र यायचं नाही.

आता १८८३ साल. त्या एकाच एप्रिल महिन्यात आपल्या दोन मराठी बायका समुद्र ओलांडायला निघाल्या. आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला अमेरिकेत न्यूयॉर्कला पोचल्या, जवळजवळ दोन महिने. वय अठरा. नवरा बरोबर नाही, तर मिशनरी बायकांच्या सोबतीनं. पंडिता रमाबाई त्याच महिन्यात मुंबईहून इंग्लंडला निघाल्या, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. त्या मे महिन्यात पोचल्या. विधवा बाई, तान्ह्या लेकीला घेऊन, काळं पाणी ओलांडायचं म्हणजे जात बाटते असं मानण्याचा तो काळ. रमाबाईंनी तिकडून जे लिहून पाठवलं ते 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून इथे छापलं गेलं. तुमच्या गावच्या वाचनालयात असेल तर जरूर काढा.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांचा पदवीदान समारंभ बघायला रमाबाई इंग्लंडहून आणखी एक महासागर ओलांडून अमेरिकेला गेल्या होत्या. हे वाचलं की मला फार बरं वाटतं. आनंदीबाई आजारी अवस्थेतच बोटीनं परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या. ज्या अमेरिकन बाईंनी, कार्पेंटरबाईंनी, त्यांना आपल्या घरी मुलीसारखं ठेवलं होतं त्यांच्याकडे अस्थी पाठवल्या गेल्या. त्या तिकडे त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत आहेत.

बोटींच्या पुढच्या चाळीस वर्षांत सांगण्यासारखं थोडंच. बोटी वेगवान झाल्या, टपाल युरोपातून रेल्वेनं जायला लागलं आणि पंधरवड्याच्या आसपास पत्र पोचायला लागलं. मुंबईत बॅलार्ड पिअरला विलायतेची बोट लागायची त्या दिवशी गर्दी व्हायची.

मग आलं विमान. पण गंमत अशी की पहिली विमानसेवा मुंबईला आलीच नाही. ३० मार्च १९२९ ला इंग्लंडच्या इम्पीरियल एअरवेज कंपनीनं लंडन ते कराची सेवा सुरू केली. प्रवासाला लागायचे सात दिवस, भाडं १३० पौंड. आणि सगळा प्रवास विमानाचा नव्हताच. लंडनहून विमानानं स्वित्झर्लंडच्या बाझेलपर्यंत, तिथून आगगाडीनं इटलीला, मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं समुद्र ओलांडून इजिप्त, पुन्हा दुसरं विमान, बगदाद, बसरा, आखाताच्या काठाकाठानं कराची. आपण गावाहून वडाप, मग एसटी, मग लोकल करून मुंबईत पोचतो, तसंच. रात्री उडायची सोय नव्हती, म्हणून संध्याकाळी मुक्काम. वेग आला होता, पण मुक्काम काही सुटले नव्हते.

आगाखानांनी बक्षीस लावलं, इंग्लंड-हिंदुस्थान हे अंतर जो हिंदी तरुण एकटा विमान चालवून पार करील त्याला. १९३० मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, अ‍ॅस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून उलट दिशेनं. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी तिथे अडकून पडला होता, त्याला इंजिनासाठी स्पार्क प्लग हवे होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. तो पुढे गेला आणि बक्षीस त्यानंच जिंकलं. हाच मुलगा पुढे भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, याच टाटांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेतल्या आणि एका इंजिनाच्या छोट्या विमानानं अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. लंडनहून कराचीला आलेलं टपाल आता रेल्वेची वाट न बघता मुंबईत आलं. टपाल होतं साधारण २५ किलो, म्हणजे आपल्या रेशनच्या तांदळाचं अर्धं पोतं. अहमदाबादला विमानात भरायचं पेट्रोल बैलगाडीतून आणलं होतं. जुहूचं मैदान समुद्राला लागून, चिखलाचं. पावसाळ्यात तिथे विमान उतरवणं शक्यच नव्हतं, म्हणून ते चार महिने सगळा कारभार पुण्याला येरवड्याला हलवायचे. आज जगाला जोडणारी मुंबई तेव्हा पावसाळ्यात पुण्याच्या भरवशावर होती!

स्वातंत्र्यानंतर दहा महिन्यांनी, ८ जून १९४८ ला, एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. आपल्या देशाचं युरोपला जाणारं पहिलं उड्डाण. वाटेत कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे. आठवड्यातून एकदा सेवा, एकेरी भाडं १,७२० रुपये. त्या वेळी ही रक्कम राजेरजवाड्यांनी आणि व्यापाऱ्यांनीच मोजायची. चार पंख्यांच्या या विमानानं लंडन एका दिवस-रात्रीवर आणलं. रंगो बापूजींना जिथे महिने लागले तिथे आज निघून उद्या पोचायचं.

पण या वाटेवर फक्त राजेच गेले असं समजू नका. हेच मलबार प्रिन्सेस ३ नोव्हेंबर १९५० ला जिनिव्हाला उतरण्याआधी युरोपातल्या मों ब्लां या सर्वांत उंच डोंगरांपैकी एकावर आदळलं. ४८ माणसं होती, सगळी गेली. प्रवाशांमध्ये बहुतेक जण भारतीय खलाशी होते, इंग्लंडमध्ये जहाजावर कामाला रुजू व्हायला चाललेले. म्हणजे बोटीवर मजुरी करणारा माणूस विमानानं कामाला चालला होता, कारण मालकाला त्याचे तीन आठवडे वाया जायला नको होते. वेळ वाचतो तेव्हा कुणाचा वाचतो, हाही एक हिशेब आहे. १९६६ च्या जानेवारीत एअर इंडियाचं दुसरं विमान, 'कांचनजंगा', त्याच डोंगरावर पडलं. ११७ माणसं गेली, त्यांत आपले शास्त्रज्ञ होमी भाभा होते. भाभांचं नाव सगळ्यांना माहीत, खलाशांची कुणाला नाहीत. त्या डोंगरावरचा बर्फ वितळतो तशा तिथून या अपघातांतल्या वस्तू आणि पत्रं अजूनही वर येतात. २०१२ मध्ये १९६६ ची सरकारी टपालाची एक थैली सापडली होती. पन्नासेक वर्षं उशिरा आलेलं टपाल!

१९६० पासून जेट विमानं आली. पंखे गेले, वेग जवळपास दुप्पट झाला. पुढे वाटेतले थांबेही गेले. आज मुंबईत बसलं की थेट लंडनला उतरायचं, साधारण नऊ-दहा तास.

आता ही वाट नेमकी जाते कुठून? भिंतीवरच्या नकाशावर रेघ ओढू नका, फसाल. पृथ्वी गोल आहे. एक मोसंबं घ्या, त्यावर दोन टाचण्या लावा आणि मधे दोरा ताणा. दोरा जिथून जाईल ती जवळची वाट. मुंबई-लंडनचा दोरा पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, काळ्या समुद्राची वरची बाजू, युक्रेन, पोलंड, जर्मनी असा जातो. नावं ऐकली का? यातल्या कितीतरी ठिकाणांची नावं आपण बातम्यांत लढाईमुळेच ऐकतो. २०२२ च्या फेब्रुवारीपासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्ताननं २०१९ मध्ये काही महिने आपल्या विमानांना आकाश बंद केलं होतं, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा केलं. मग विमान अरबी समुद्रावरून वळसा घेतं, जादा इंधन जाळतं, आणि तिकीट व वेळ दोन्ही वाढतात. जमिनीवर कुंपण असतं तसंच आकाशात असतं, फक्त ते दिसत नाही.

समुद्रावरही तेच झालं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले, तेव्हा कितीतरी जहाजांनी सुएझ सोडून आफ्रिकेचा तो जुना वळसा पुन्हा धरला. नाशिक-सांगलीकडच्या मैत्रिणींना हे सांगायला नको, २०२४ च्या हंगामात युरोपला चाललेले द्राक्षांचे कंटेनर त्याच वळशात अडकले होते. रंगो बापूजींच्या काळची वाट आपल्या द्राक्षांच्या वाट्याला आली.

वाऱ्याचंही एक आहे. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो. लंडनला जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीमागून ढकलतो. म्हणून परतीचा प्रवास साधारण तासाभरानं कमी. वाऱ्याचा असा फायदा घ्यायला कधीकधी मुद्दाम लांबची वाट धरतात. ९ जानेवारी २०२१ ला एअर इंडियाचं विमान अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला निघालं. सरळ अंतर जवळपास १४,००० किलोमीटर, पण ते उत्तर ध्रुवावरून सुमारे १६,००० किलोमीटर उडालं आणि १७ तासांत पोचलं. विमान चालवणाऱ्या चौघीही बायका होत्या. कप्तान झोया अग्रवाल, आणि त्यांच्यासोबतच्या तिघींत एक आकांक्षा सोनावरे. आनंदीबाईंना अमेरिका दोन महिन्यांवर होती, या चौघींनी ती १७ तासांवर आणली.

आता ज्यांच्या घरचं कुणी जाणार आहे त्यांच्यासाठी कामाचं. तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती त्या-त्या गावची असते. मुंबई रात्री २, लंडन सकाळी ७.३० असं लिहिलेलं असलं तर विमान साडेपाच तासांत पोचलं असं समजू नका. लंडनचं घड्याळ आपल्या मागे चालतं, उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे प्रवास उन्हाळ्यात दहा तासांचा. आणि लेकीला फोन लावताना तेच घड्याळ डोक्यात ठेवा. आपण सकाळी सहाला चहा टाकून फोन लावतो तेव्हा तिच्याकडे मध्यरात्र उलटलेली असते.

आणि विमानाच्या दहा तासांवरच हिशेब थांबवू नका. आमच्या गावातून मुंबईचं विमानतळ गाठायला सहा-सात तास, तिथे तीन तास आधी हजर, उतरल्यावर तपासणीची रांग. घराच्या उंबऱ्यापासून तिकडच्या उंबऱ्यापर्यंत एक अख्खा दिवस धरावा. त्याआधी पासपोर्ट आणि व्हिसाला आठवडे जातात, ते वेगळेच. मुलाला तिकडून यायला एक दिवस पुरतो, पण आईला तिकडे जायचं असेल तर व्हिसाची वाट बघावी लागते. आपल्या गटातल्या कित्येकींकडे अजून पासपोर्ट नाही. लेक-मुलगा बाहेर असेल तर गरज पडण्याची वाट न बघता आत्ताच अर्ज करून ठेवा. जन्मतारीख आणि नाव आधार कार्डावर आणि बाकीच्या कागदांवर एकसारखं आहे का ते आधी बघा, सगळ्यात जास्त अर्ज तिथेच अडकतात. लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, ही आपली नेहमीची अडचण. पुढच्या बैठकीला येताना ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी सगळे मूळ कागद पिशवीत घालून आणा, एकेकीचे बसून तपासू. आणि येताना एखादं मोसंबं आणा, दोरा माझ्याकडे आहे.